न जाण्यातला समाचार

लस टोचल्याने प्रत्येक देहात सारखेच बळ येते, असे नव्हे. 2021 साली आमच्या काकींनी करोनाच्या लशीच्या दोन्ही मात्रा घेतल्या. परंतु रक्ततपासणीत प्रतिपिंडे जवळजवळ आढळलीच नाहीत. काकींना लसीकाग्रंथींचा कर्करोग होता. ज्या पांढऱ्या पेशींच्या कुळातून प्रतिपिंडे निर्माण होतात, त्यांतच हा रोग बहुधा शिरतो. आणि रिटुक्सिमॅबसारखे औषध रोगट पेशींबरोबर निरोगी पेशींचाही संहार करते. त्या पुन्हा भरून येण्यास सहा महिने, कधी वर्षही लागते. स्तनाच्या वा आतड्याच्या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांत मात्र लशीने प्रतिपिंडे निर्माण झाली, असे लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातील अभ्यासात दिसून आले.

तेव्हा यात रुग्णाच्या धैर्याचा वा श्रद्धेचा काहीच उणेपणा नाही. त्या वर्षी देवाचा प्रसाद आम्ही काकींच्या उंबऱ्यापाशी ठेवून परतत असू. 5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र गेलेला नाही. दुखणाइताच्या समाचारास जाणे हा आपला जुना धर्म होय. परंतु स्वतःला पडसे-खोकला असता न जाणे, हाही त्याचा समाचार घेणेच आहे, असे आम्हांस वाटते.