खतावणीशेजारचे यंत्र

संगणकाविषयीची माझी पहिली कल्पना एका दालनाएवढी होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ज्या यंत्राचे पंडित नेहरूंनी १९६२ साली 'टिफ्रॅक' असे नामकरण केले, त्याच्या निर्वात नलिकांच्या कथा आम्हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत पुढे कितीतरी वर्षे सांगितल्या जात, आणि असल्या यंत्राशी आपला संबंध सरकारच्या मेहेरबानीखेरीज येणे नाही, हे आम्ही गृहीतच धरले होते. १९७८ साली आयबीएमने हिंदुस्थानातून काढता पाय घेतला. परंतु तिनेच १९८१ साली अमेरिकेत विक्रीस आणलेल्या मेजावरच्या यंत्राची रचना खुली असल्याने त्याच्या प्रतिकृती जगभर निघाल्या, आणि नोव्हेंबर १९८४च्या धोरणाने आयातीचे निर्बंध सैल होताच त्यांची जुळणी आपल्याकडेही जोमाने होऊ लागली.

त्यांतलेच एक 'एक्सटी' जातीचे यंत्र भाईंदर पूर्वेच्या ज्या गाळ्यात मी नोकरीस होतो तेथे दाखल झाले. गाळ्यात स्टीलची भांडी होत. खाडीवरची खारी हवा आणि पॉलिशच्या चाकांवरून उडणारी काळी भुकटी यांपासून रक्षण व्हावे म्हणून त्यास काचेची वातानुकूलित खोली मिळाली. कामगार उकाड्यात, आणि आम्ही चपला बाहेर काढून थंडाव्यात. हा मानपान मला तेव्हाही खटके.

मुनीमजींना वाटले, यंत्र कीर्द-खतावणी गिळणार. त्याने प्रथम गिळले ते भंगार. चौरस पत्र्यातून त्याच रुंदीचे वर्तुळ कापले की साडेएकवीस टक्के पत्रा कोपऱ्यांत जातो. वर्तुळांच्या रांगा एकमेकींच्या खाचांत बसविल्या तर तूट घटते, पण किती, हे पत्र्याच्या रुंदीवर आणि वर्तुळाच्या व्यासावर अवलंबून. हे त्रैराशिकाने सुटणारे नव्हे. दर मापाचा तक्ता हाताने मांडण्याइतकी उसंत लहान कारखानदाराला कधीच नव्हती. यंत्राने तो हिरव्या अक्षरांत मांडला, तेव्हा किलोच्या भावाने विकल्या जाणाऱ्या लहान वाट्या कित्येक वर्षे तोट्यात चालल्याचे उघडकीस आले. शेठजींनी दुसऱ्याच दिवशी वाट्यांचा दर चढविला. मुनीमजी मात्र निवृत्त होईपर्यंत यंत्राची बेरीज स्वतः ताडून मगच सही करीत.

ते यंत्र केव्हाच मोडीत निघाले. तक्ता मात्र एका प्रणालीतून दुसरीत उतरत आजच्या हिशेबापर्यंत आला आहे. साचे बदलले, टक्के तेच. परवा मी तिथल्या हिशेबनीस मुलीला म्हटले, हे पुन्हा काढायला हवेत. ती म्हणाली, ''जीएसटीचं रिटर्न भरून होऊ दे, काका, मग बघू.''