घारापुरी : डोळ्यांना जवळ, गुडघ्यांना दूर

द्रोणागिरी नोडमधल्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर उभे राहून वायव्येकडे पाहिले, तर आधी जवाहरलाल नेहरू बंदराच्या अजस्र क्रेन दिसतात. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी त्यांच्या पलीकडे दोन टेकड्यांचे एक हिरवे बेट दिसते. ते घारापुरी. जगाला ते एलिफंटा म्हणून ठाऊक आहे आणि बहुतेकांना ते मुंबईचे वाटते. प्रत्यक्षात ते रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात, म्हणजे आमच्याच तालुक्यात आहे.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांपैकी पुष्कळजण मूळचे इथले नाहीत. मुलांनी सिडकोच्या या नव्या वसाहतीत घर घेतले, मग गावाकडचे घर बंद करून आईवडिलांना इथे आणले. ज्या डोंगरावरून वसाहतीला नाव मिळाले, तो मारुतीने नेलेल्या द्रोणागिरीचा गळून पडलेला तुकडा आहे, अशी आख्यायिका इथे सांगतात. संजीवनीच्या डोंगराच्या पायथ्याशी दवाखाना चालवते म्हणून माझी थट्टाही होते. पण सातारा-सांगलीकडून येऊन दहाव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला संजीवनीपेक्षा सोबतीची गरज अधिक असते. म्हणून वसाहतीतल्या ज्येष्ठांच्या गटाने घारापुरीची सहल ठरवली, तेव्हा महिनाभर दवाखान्यात दुसरा विषय नव्हता. कुणी नवे बूट घेतले, कुणी मुलाला सांगून टोपी मागवली. माझे सासरे अण्णा ब्याऐंशी वर्षांचे, निवृत्त चित्रकला शिक्षक. साठच्या दशकात विद्यार्थी असताना ते वही-पेन्सिल घेऊन घारापुरीला गेले होते आणि महेशमूर्तीसमोर दिवसभर बसून त्यांनी रेखाटने केली होती. ती वही पुढे पुरात गेली. मूर्ती पुन्हा पाहायची, एवढेच त्यांचे मागणे होते.

सहल निराशाजनक झाली, हे प्रथमच सांगून टाकते. परतल्यावर सर्वांनी ‘छान झाली’ असे म्हटले. मुलांनी आणि सुनांनी मोबाइलवर फोटो पाहिले, त्यांत सगळे हसत होते. पुढच्या आठवड्यात तीच माणसे एकेक करून माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली, तेव्हा खरे काय झाले ते कळले. काही मी स्वतः पाहिलेच होते.

आम्ही चौदा ज्येष्ठ आणि सोबतीला पाचजण होतो. मोरा बंदरातून लाँच सकाळी आठला निघायची होती. आता मोऱ्याची अडचण अशी की तिथे गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या प्रवाशांनाही हा अनुभव नेहमीचा आहे. त्या दिवशी साडेआठला ओहोटी होती. पाणी चढेपर्यंत दोन तास, सावलीचा आडोसा नसलेल्या जागी, चौदा वृद्ध माणसे बसून राहिली. लाँचला दुपारी दुसरे भाडे असल्यामुळे परतीची वेळ मात्र तीनचीच राहिली. म्हणजे सहल सुरू होण्यापूर्वीच तिच्यातले दोन तास गेले होते.

लाँचवर लाइफ जॅकेट घालणे आले. ते हवेच. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि अनेकांचे प्राण गेले, ही घटना कुणीही विसरलेले नाही. परंतु संधिवाताने वाकडी झालेली बोटे त्या जॅकेटचे बक्कल लावू शकत नाहीत, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. दोन आजींनी ते नुसते खांद्यावर टाकले आणि कुणी पाहत नाही ना, अशा चेहऱ्याने बसून राहिल्या. मी उठून सगळ्यांची बक्कले तपासली.

बेटाच्या धक्क्याला आधीच दोन लाँच लागलेल्या होत्या, त्यामुळे एका लाँचवरून दुसरीवर पाय टाकीत उतरावे लागले. लाटेबरोबर दोन्ही बोटी वरखाली होत असताना मधल्या फटीवरून पाय उचलणे, हे तरुणांना गमतीचे वाटते. ज्याला बाथरूमच्या उंबऱ्यावरही हात धरावा लागतो, त्याला ते काय वाटत असेल! धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे, तिने जाता आले. आणि मग पायऱ्या. सुमारे 120. दोन्ही बाजूंना माळा, मूर्ती आणि काकड्यांची दुकाने, वर ताडपत्रीचे छत. त्यामुळे ऊन लागत नाही, पण वाराही लागत नाही. चौदापैकी सहाजण पायथ्याशीच थांबले. त्यांनी घारापुरी पाहिली ती एवढीच: एक बाक, एक शहाळे आणि माकडांनी पळवलेली बिस्किटांची पिशवी.

इथे डोलीची सोय आहे. खुर्चीला दांडे लावून चौघे माणसाला वर नेतात. अण्णा आधी नको म्हणाले. “चार खांद्यांवरून एकदाच जायचे असते,” असे ते म्हणाले आणि भोवतालचे हसले. मला ते हसू आवडले नाही. मी त्यांना म्हटले, “अण्णा, तुमच्या हृदयाला आज या पायऱ्या झेपणार नाहीत. मूर्ती पाहायची असेल तर हाच रस्ता आहे.” ते बसले. वर पोहोचेपर्यंत त्यांनी डोळे मिटलेले होते. भीतीने नव्हे, संकोचाने. शाळेत ज्यांनी आयुष्यभर मुलांना उभे राहून शिकवले, त्यांना दुसऱ्याच्या श्रमावर उचलले जाणे सहन होत नव्हते. डोलीवाल्यांची हातोटी मात्र विलक्षण होती. वळणावर खुर्ची तसूभरही कलली नाही.

लेण्यात शिरल्यावर थोडा वेळ सगळे विसरायला झाले, हेही खरे. सहाव्या शतकातले ते शिल्प, 18 ते 20 फूट उंच. मधले ध्यानस्थ मुख, आपल्या डाव्या हाताला उग्र अघोर आणि उजव्या हाताला हाती कमळ घेतलेले कोमल वामदेव. 1987 साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. पण आम्हाला मिळाली पंचवीस मिनिटे, त्यातही रविवारची गर्दी. मूर्तीसमोर फोटो काढणारांची रांग एवढी होती की सलग दोन मिनिटेही ती पूर्ण दिसली नाही. बसण्याची सोय शोधण्यात दहा मिनिटे गेली. अण्णांनी खिशातली छोटी वही काढली, चार रेघा ओढल्या आणि तेवढ्यात खाली उतरण्याची हाक आली. परतीच्या लाँचवर ते एवढेच म्हणाले, “मूर्ती होती तिथेच आहे. मला बघता आली नाही.”

आता दवाखान्यातले. निम्म्याहून अधिक ज्येष्ठांनी त्या दिवशी सकाळची लघवी होण्याची गोळी मुद्दाम घेतली नव्हती आणि दिवसभर पाणीही घोट-घोटच प्यायले होते. कारण एकच: ‘स्वच्छतागृह कुठे असेल कोण जाणे, उगाच कुणाला त्रास नको.’ या वाक्याने मी वर्षानुवर्षे हैराण आहे. परिणामी एका आजींना लघवीचा जंतुसंसर्ग झाला. हृदयविकाराच्या एका रुग्णाच्या पायांवर सूज आली आणि रात्री त्यांना उताणे झोपवेना. जेवण दोन तास लांबल्याने इन्सुलिन घेणाऱ्या एका गृहस्थांना लाँचवरच घाम फुटून कापरे भरले. पिशवीत साखर होती म्हणून निभावले. बोट लागू नये म्हणून एकांनी प्रोमेथाझिनची गोळी कुणाकडून तरी मागून घेतली होती. या गोळीने गुंगी येते, तोल जातो, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. ज्येष्ठांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गुडघ्यांच्या तक्रारी तर सर्वांच्याच. त्या चढण्याने नव्हे, उतरण्याने वाढल्या. उतरताना गुडघ्याच्या वाटीवर अधिक भार येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

कुणी म्हणेल, मग म्हाताऱ्यांनी घरीच बसावे का? हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. घारापुरी हे वाईट स्थळ नाही. 2018 साली समुद्राखालून केबल टाकून तिथे कायमची वीज आली. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या तिन्ही वस्त्यांतली वृद्ध माणसे त्याआधी संध्याकाळचे काही तास चालणाऱ्या जनरेटरवर दिवस काढीत होती आणि औषधपाण्यासाठी आजही त्यांना बोट गाठावी लागते. त्यांच्या तुलनेत आमची एका दिवसाची गैरसोय काहीच नव्हे. तक्रार आहे ती सहल ठरवण्याच्या पद्धतीची. अंतर किलोमीटरमध्ये मोजले जाते आणि ‘जवळच तर आहे’ म्हणून निकाल दिला जातो. वृद्ध शरीराला अंतर मोजावे लागते ते बोटीतून उतरण्याच्या उंचीत, पायऱ्यांत, दोन स्वच्छतागृहांमधल्या वेळेत.

तेव्हा ज्यांना आपल्या आईवडिलांना न्यायचे आहे, त्यांनी काही गोष्टी पाहाव्यात. मोऱ्याहून जायचे तर आदल्या दिवशी भरती-ओहोटीची वेळ पाहावी. लेणी सोमवारी बंद असतात. रविवार टाळून मंगळवार ते शुक्रवारमधला दिवस निवडावा. लघवीची गोळी बंद करू नये. तिची वेळ पुढे ढकलता येते का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. डोली घ्यायची असेल तर ते घरीच, चारचौघांत नव्हे, बोलून ठरवावे, म्हणजे पायथ्याशी मानापमान होत नाही. माकड चावले वा ओरखडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. ‘साधा ओरखडा आहे’ म्हणून थांबू नये.

आणखी एक विनंती. परतल्यावर ‘मजा आली ना?’ असे विचारू नका. त्या प्रश्नाला एकच उत्तर देता येते. मुलाने रजा काढलेली असते, पैसे खर्चलेले असतात. आई ‘आली’ म्हणते आणि पाय चेपून घ्यायलाही संकोचते. ‘कुठे दमलात? काय राहून गेले?’ असे विचारा. पायथ्याशी थांबलेल्या सहाजणांपैकी एक आजी मला म्हणाल्या, “डॉक्टर, मला फक्त बोटीत बसायचे होते. बेटावर उतरायचेच नव्हते मला. पण कुणी विचारलेच नाही.”

पोर्तुगीजांनी बेटाला ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा हे नाव दिले, तो हत्ती आता बेटावर नाही. 1864 साली तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात उचलताना पडून फुटला. पुढे त्याचे तुकडे जोडले गेले आणि आज तो भायखळ्याला, राणीच्या बागेलगतच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. बुधवार सोडून कोणत्याही दिवशी जाता येते. फेब्रुवारीत मी अण्णांना गाडीने तिथे घेऊन गेले. सोबत घडीची खुर्ची, पाण्याची बाटली आणि नवी वही नेली होती. हत्तीचे सांधे, जिथे तुकडे जोडले आहेत, ते त्यांनी आधी काढले, बाकीचा हत्ती नंतर. पाऊण तास ते बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःहून विचारले, “स्वच्छतागृह कुठे आहे गं इथे?” आणि परत येऊन पुन्हा वही उघडली.