येथवर

सोळावी केमो संपली तेव्हा दुपारचे पावणेतीन झाले होते. सिस्टरांनी सुई काढली, कापूस दाबून धरला आणि म्हणाल्या, "ताई, आता सलाईनसाठी यायचं नाही हं." मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. बोटं इतकी बधिर झाली होती की चप्पल नीट चढली का, हे खाली बघूनच कळायचं. मी तेवढंच बघत बसले.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या चार केमो लाल औषधाच्या. लघवीही लाल व्हायची, तोंड यायचं, वरणभाताला लोखंडाची चव लागायची. मग दर आठवड्याची, अशा बारा. सुईपेक्षा धास्ती रक्ताच्या रिपोर्टची. पांढऱ्या पेशी कमी भरल्या की केमो पुढे जायची. दोनदा गेली.

आम्ही नगरचे. उपचार परळच्या टाटा रुग्णालयात, मुक्काम दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळेत. आमच्या घराण्यात चार पिढ्या येशूचं नाव, आणि त्या महिन्यांत डोक्यावर छप्पर होतं गाडगेबाबांच्या नावाचं. रोज रात्रीच्या प्रार्थनेत मी त्या छपराबद्दल उपकार मानत असे. शेजारच्या खाटेवर सोलापूरच्या एक आजी होत्या. "माझ्यासाठी बी सांगा की तुमच्या येशूला," त्या म्हणायच्या. सांगत होते.

मंडळीतल्या बायका फोनवर म्हणत, पूर्ण बरी होऊन ये आणि साक्ष दे. त्यांचं प्रेम मला कळत होतं, पण छातीवर ओझं यायचं. उद्या रिपोर्ट वेगळा आला तर? मग माझा विश्वास कमी पडला म्हणायचं का?

केमोआधी देतात त्या स्टेरॉईडनं झोप उडते. अशाच एका रात्री पहिलं शमुवेल वाचत होते. सातव्या अध्यायात शमुवेल एक धोंडा उभा करतो, त्याचं नाव ठेवतो एबन-एजर, साहाय्याचा धोंडा. येथवर परमेश्वरानं साहाय्य केलं म्हणून. हा भाग लहानपणापासून ऐकलेला, पण 'येथवर' हा शब्द त्या रात्री पहिल्यांदा दिसला. पलिष्टी पुढे शौलाच्या काळात पुन्हा चालून आलेच. तरी धोंडा त्या दिवशीच उभा राहिला होता. मी पुस्तक छातीशी धरलं आणि मग मात्र पोटभर रडले.

माझेही अजून रेडिएशनचे पंधरा शेक बाकी आहेत, नंतर पाच वर्षं गोळी.

केमो आणि शेक यांच्या मधल्या रविवारी नगरला चर्चमध्ये गेले, डोक्याला स्कार्फ बांधून. उपकारस्तुतीच्या पाकिटावर कारण लिहायचं असतं. पेन बोटांत ठरत नव्हतं, अक्षर वाकडं आलं. लिहिलं, 'येथवर.' पाळकसाहेबांनी ते वाचलं, क्षणभर थांबले, आणि पुन्हा एकदा वाचलं.

मग मी प्रार्थना-विनंतीची चिठ्ठी मागून घेतली. आजींच्या अजून सहा केमो राहिल्या आहेत.