झिलई

संग्रहालयाच्या काचपेटीतले एखादे जुने रिव्हॉल्वर पाहताना प्रथम नजरेत भरतो तो त्याचा रंग. पावसाळी संध्याकाळच्या आभाळासारखा तो निळसर काळा असतो. पण सर्वत्र सारखा नसतो. नळीच्या तोंडाशी, सिलिंडरच्या कडांवर आणि मुठीच्या पट्टीवर तो उडून गेलेला असतो व तिथे उघडे पोलाद राखाडी दिसते. पाहणाऱ्याच्या मनात येते, या शस्त्राने किती गोळ्या झाडल्या असतील! वस्तुतः ही झीज गोळ्यांची नव्हे. कडा झिजतात त्या चामड्याच्या म्यानातून काढताना आणि पुन्हा आत सारताना. मुठीचा रंग जातो तो तळहाताच्या घामाने. गोळीबाराच्या खुणा नळीच्या आत आणि सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर उमटतात. बाहेरची झिलई झिजते ती मुख्यतः शस्त्र बाळगल्याने.

या झिलईची जन्मकथाही विलक्षण आहे. ब्लूइंग या नावाने ओळखला जाणारा हा रंग पोलादावर बाहेरून चढवलेला नसतो. तो एक प्रकारचा गंजच असतो. जुन्या पद्धतीत कारागीर घासून लखलखीत केलेल्या पोलादाला आम्लयुक्त द्रावण लावीत आणि ते दमट जागी ठेवून त्यावर जाणूनबुजून गंज चढू देत. मग ते उकळत्या पाण्यात घालीत. तांबडा गंज काळा होई. सुटा थर तारांच्या मऊ ब्रशाने झाडून पुन्हा तीच क्रिया, अशी अनेक आवर्तने होत. तांबडा गंज भुसभुशीत असतो; तो ओल धरतो आणि धातूला खात जातो. काळा गंज, म्हणजे मॅग्नेटाइट, धातूला घट्ट धरून राहतो. घर फोडणाऱ्यालाच दारावर पहारेकरी नेमावे, तसा हा प्रकार. पुढे विसाव्या शतकात कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांच्या सुमारे १४० अंश सेल्सियस तापलेल्या द्रावणात हेच काम थोड्या वेळात होऊ लागले.

परंतु हा पहारेकरी दुबळा आहे. त्याचा थर केसाहून कितीतरी पातळ असतो, आणि त्याचे खरे सामर्थ्य तेल धरून ठेवण्यात असते. पावसाळ्यात विळीच्या पात्याला तेलाचे बोट लावून ठेवणाऱ्या कोकणातल्या गृहिणीला हे निराळे सांगावे लागत नाही. खंडेनवमीला शस्त्रे पुसून पूजेला मांडण्याच्या प्रथेतही श्रद्धेइतकेच हे व्यवहारज्ञान असावे.

टिकाऊपणाचा शोध त्यामुळे चालूच राहिला. १८७३ साली अमेरिकेत आलेले कोल्टचे प्रसिद्ध रिव्हॉल्वर निकेलच्या मुलाम्यातही मिळे. निकेल घामाला दाद देत नाही. पण त्याला एकदा छिद्र पडले की गंज आतल्या आत पसरतो आणि मुलाम्याचे पापुद्रे सुटतात. १९०६ साली इंग्लंडमध्ये थॉमस कॉस्लेट यांनी लोखंडावर फॉस्फेटचा थर देण्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. तिच्याच सुधारित रूपाने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या .४५ पिस्तुलांना करडा, खरबरीत, निस्तेज पृष्ठभाग दिला. हा थर तेल पिऊन बसतो आणि उन्हात चकाकून सैनिकाचा ठावठिकाणा उघड करीत नाही. देखणेपणाची हौस युद्धाने संपवली. १९६५ साली स्मिथ अँड वेसनने स्टेनलेस पोलादाचे रिव्हॉल्वर आणले, तेव्हा मुलाम्याची गरजच बरीचशी उरली नाही.

१९८२ साली ऑस्ट्रियन सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉक पिस्तुलात आणखी एक पाऊल पुढे पडले. त्याचे पोलादी भाग तप्त क्षारांत बुडवून नायट्रोजन आणि कार्बन पृष्ठभागातच मुरवले जात. वरचा काळा रंग घासून गेला तरी खालचे कठीण कवच शाबूत राही. दिसणे आणि टिकणे यांची इथे फारकत झाली. अशा लेपांची परीक्षा प्रयोगशाळेत खारट धुक्यात होते: ५ टक्के मिठाचे द्रावण, ३५ अंश तापमान, आणि गंज दिसेपर्यंतचे तास. त्या धुक्याला माणसाचा हात मात्र ठाऊक नसतो. घामातले आम्ल, म्यानाच्या चामड्यातले क्षार, रात्री उशाशी ठेवलेल्या शस्त्रावर विसावलेली बोटे, यांचा हिशेब त्या तासांत येत नाही.

जुन्या शस्त्रांचे जाणकार पुन्हा झिलई चढवलेल्या रिव्हॉल्वरकडे नाराजीने पाहतात. नवी झिलई देण्यापूर्वी पोलाद घासावे लागते; त्यात कडा गोलसर होतात, कोरलेली अक्षरे पुसट होतात. शस्त्र नवे दिसते, पण त्याची साक्ष नाहीशी होते. त्यापेक्षा झिजलेली मूळ झिलई त्यांना मोलाची वाटते, ती केवळ दुर्मिळतेमुळे नव्हे.

कारण कित्येक शस्त्रे वर्षानुवर्षे कमरेला राहिली आणि कुणावर एकदाही रोखली गेली नाहीत. त्यांच्या नळ्या आतून स्वच्छ आहेत. बाहेरून मात्र त्या पांढुरक्या झाल्या आहेत. त्या पांढुरकेपणात कुणाची कर्तव्यबुद्धी असेल, कुणाचा दरारा, आणि बहुतेकांची भीती. पोलाद टिकावे ही कारागिराची इच्छा रास्तच आहे, आणि ती आता जवळजवळ सफल झाली आहे. पण हाताचा ठसा न घेणारे शस्त्र हाती आले, की ते बाळगणाऱ्याला आपण काय बाळगले याची आठवण करून देणारे काही उरत नाही. काचपेटीतल्या त्या रिव्हॉल्वरच्या मुठीवरचा राखाडी डाग एवढेच सांगतो, की हे ओझे कुणीतरी पुष्कळ दिवस वाहिले होते.