मनाचा अभ्यास आणि केसांतलं जेल

सॅन डिएगोच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात कॉग्निटिव्ह सायन्सचा पहिला कोर्स एकच प्राध्यापक शिकवत नाही. आज कोणी मेंदूच्या पेशींबद्दल बोलून जातो, पुढच्या वेळी कोणी बाळं भाषा कशी शिकतात ते सांगते, मग न्यूरल नेटवर्क. पुण्यात बारावी सायन्स करून गेलेली मी विचारत होते, पुस्तक कुठलं आणि पोर्शन कुठवर? जगातला या विषयाचा हा पहिला विभाग, १९८६ साली सुरू झालेला. इथल्या लोकांचं एकमेकांशी पटत नाही आणि त्याचंच शिक्षण आपल्याला मिळतंय, हे ध्यानात यायला वर्ष गेलं.

दुसऱ्या वर्षी ईईजीच्या, म्हणजे मेंदूतले विजेचे संकेत टिपणाऱ्या लॅबमध्ये शिरले. मनाचा अभ्यास म्हणून माझ्या हाती काय आलं, तर बोथट सुईची सिरिंज. समोरच्याच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवायची, प्रत्येक भोकातून केस बाजूला सारायचे, जेल भरायचं आणि स्क्रीनवर रेझिस्टन्स उतरेपर्यंत हलकेच घोळवायचं. केसांना तेल लावून येऊ नका, ही सूचना आधीच द्यावी लागते. आमच्या घरात ती पाळली गेली नसती. मग त्या माणसाला एकेक शब्द करून वाक्यं दाखवायची. चहात दोन चमचे साखर घातली, इथवर ठीक. साखरेऐवजी चपला आल्या की साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूचा आलेख ऋण बाजूला झुकतो. मार्ता कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये हे दाखवलं, याच कॅम्पसवर. पण एका वाक्यात तो झुकाव दिसतच नाही. सगळा खेळ काही मायक्रोव्होल्टचा, नुसती पापणी लवली तरी त्याच्या कित्येक पट मोठा डोंगर उभा राहतो. म्हणून ढीगभर वाक्यांची सरासरी काढायची. मनाबद्दल पार्टीत ऐटीत बोलणाऱ्यांना एक दुपार हे काम द्यावं, असं मला अजून वाटतं.

बरोबरीच्या बऱ्याच जणांनी मशीन लर्निंग घेतलं. नोकऱ्या तिथेच होत्या, त्यांचं चुकलं नाही.

मला पकडलं ते एडविन हचिन्स यांच्या ‘कॉग्निशन इन द वाइल्ड’ या पुस्तकाने. नौदलाचं जहाज सॅन डिएगो बंदरात शिरत असताना वाफेचा दाब गेला, वीज गेली, दिशा दाखवणारा जायरोकंपासही गेला. दिशा काढायची जी बेरीज-वजाबाकी एरवी यंत्र करायचं, ती आता माणसांवर आली. दिशा नोंदणारा आणि नकाशावर रेघ ओढणारा यांनी ती करता करता आपापसात अशी वाटून घेतली की नीट पद्धत बसली, आणि ती कोणी एकाने आखलेली नव्हती. मग विचार नेमका कोणाच्या डोक्यात झाला? ही टोपी मी कुणाला चढवणार?

हा प्रश्न मला लॅबमधल्या आलेखांपेक्षा जास्त खरा वाटतो. तरी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मी ईईजीवरच केला. जहाजावर चढायला नेव्ही मला थोडीच बोलावणार होती!