कपाटात ठेवण्याजोगा चित्रपट

चित्रपटगृहात नवा चित्रपट लागला की पहिल्याच आठवड्यात त्याचे परीक्षण छापून येते आणि पुढच्या आठवड्यात ते रद्दीत जाते. त्याच चित्रपटाची तबकडी घरात आली तर ती पुन्हा लावावीशी वाटेल का, ती कोणासोबत पाहावी, ती कपाटात जागा अडवण्याच्या योग्यतेची आहे का, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वाचकहो, विक्रीसाठी भरलेला माल आणि घरात वापरायला आणलेली वस्तू यांची पारख वेगवेगळी असते, हे व्यापारी कुटुंबांना सांगायला नको. त्याच दृष्टीने एका चित्रपटाच्या घरगुती आवृत्तीची पारख येथे करून पाहतो.

हा चित्रपट म्हणजे रितेश बत्रा यांचा 'द लंचबॉक्स'. मे २०१३ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला आपल्याकडे प्रदर्शित झाला. उतारवयाकडे झुकलेला विधुर साजन फर्नांडिस आणि संसारात एकाकी पडलेली गृहिणी इला यांची ही कथा. इलाने नवऱ्यासाठी पाठवलेला डबा चुकून साजनच्या टेबलावर पोहोचतो. डबा चाटूनपुसून रिकामा आलेला पाहून ती हरखते. संध्याकाळी नवरा भलत्याच भाजीचे कौतुक करतो, तेव्हा तिला चूक उमगते. दुसऱ्या दिवशी ती डब्यात चिठ्ठी ठेवते, तिचे उत्तर येते आणि पत्रव्यवहार सुरू होतो.

नाशिककरांना या चित्रपटाविषयी आणखी एक जिव्हाळा वाटावा. ३५ वर्षे विम्याच्या दाव्यांच्या फायली तपासलेला साजन निवृत्तीनंतर मुंबई सोडून नाशिकला राहायला येण्याचे ठरवतो. आपले गाव चित्रपटात येते ते मुख्यतः नावानेच, पण ते नाव पुरेसे बोलके आहे. मुंबईच्या माणसाच्या मनात नाशिक म्हणजे रेल्वेने १८८ किलोमीटरवरची विश्रांती. मी राहतो त्या द्वारका परिसरात, जेथे मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो, असे काही 'साजन' माझ्या ओळखीचे आहेत. निवृत्तीची रक्कम गुंतवून घर घेतलेले, सकाळी फिरायला जाणारे आणि दुपारी काय करावे हे न कळणारे.

आता तबकडीविषयी. अमेरिकेत या चित्रपटाची डीव्हीडी २०१४च्या जुलैत बाजारात आली. माझ्या पुतण्याने तिकडून येताना ती भेट म्हणून आणली. घरच्या प्लेअरने ती चालवायला साफ नकार दिला. डीव्हीडीच्या व्यापारात जगाचे विभाग पाडलेले आहेत. अमेरिकेचा विभाग १, भारताचा ५. एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर चालू नये, अशी व्यवस्था उत्पादकांनी मुद्दाम केलेली आहे. शेवटी संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग बदलून ती चालवली. ही मुभाही बहुधा पाचच वेळा मिळते आणि पाचव्या वेळी निवडलेला विभाग कायमचा होतो. परदेशातील नातलगांकडून तबकड्या मागवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

चित्राची प्रत चांगली आहे, मात्र मर्यादेत. अमेरिकी पद्धतीच्या डीव्हीडीत चित्राच्या ४८० ओळी असतात, आपल्याकडील पाल पद्धतीत ५७६. मोठ्या दूरदर्शन संचावर कार्यालयातील कागदांचे ढीग किंचित धूसर दिसतात. पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, त्याबद्दल पुष्कळजण तक्रार करतात. त्या पट्ट्या दोष नव्हेत. मूळ चित्रचौकटच रुंद आहे. ती पडदाभर ताणली किंवा कापली, तर एका कडेला एकटा जेवत बसलेला साजन आणि त्याच्या भोवतीची रिकामी जागा हा सारा परिणाम हरवतो. संचातील 'झूम'ची सोय बंद ठेवूनच हा चित्रपट पाहावा.

ध्वनीची परीक्षा अधिक कठीण आहे, कारण या चित्रपटात ऐकण्यासारखे फार आहे. इलाच्या वरच्या मजल्यावरील देशपांडे आंटी आपल्याला एकदाही दिसत नाहीत. भारती आचरेकर यांचा केवळ आवाज खिडकीतून खाली येतो आणि त्या आवाजावर एक संपूर्ण व्यक्तिरेखा उभी राहते. कित्येक वर्षे अंथरुणाला खिळलेला नवरा छताच्या पंख्याकडे पाहत जगतो आहे, म्हणून पंखा बंद पडू न देणारी ही बाई आपल्याला फक्त कानांनी भेटते. संचाच्या अंगच्या ध्वनिक्षेपकावर इरफान खान यांचा खालच्या पट्टीतील आवाज बुडतो. आवाज वाढवावा तर पुढच्याच दृश्यात लोकल गाडी घर हादरवते. साधे वेगळे स्पीकर जोडले तरी हा प्रश्न बराच सुटतो. मॅक्स रिक्टर यांचे संगीत इतके संयत आहे की चित्रपटगृहाच्या कुजबुजीत ते निसटून जाते. घरात, रात्री दहानंतर, ते ऐकू येते.

तबकडीतील खरी उणीव उपशीर्षकांची. इला हिंदीत लिहिते, साजन इंग्रजीत. हिंदी संवादांसाठी इंग्रजी उपशीर्षके आहेत, पण मराठी नाहीत. आमच्या सौ.चे शिक्षण मराठीतून झालेले. ओघातले इंग्रजी त्यांच्या कानांवरून निघून जाते. त्यामुळे साजनचे प्रत्येक पत्र आले की चित्रपट थांबवायचा, मी अर्थ सांगायचा आणि मग पुढे जायचे, असा क्रम ठरला. १०४ मिनिटांचा चित्रपट पाहायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. ग्राहक म्हणून ही तबकडीची त्रुटीच मानली पाहिजे. परंतु थांबलेल्या पडद्यासमोर आमचे जे बोलणे झाले, ते चित्रपटगृहात होणे शक्य नव्हते.

त्या बोलण्यात आपल्या घरांतून हमखास निघणारा प्रश्न मी काढला. विवाहित स्त्रीने परक्या पुरुषाला पत्रे लिहावीत, हे आपण कौतुकाने पाहावे काय? सौ. म्हणाल्या, "अहो, चिठ्ठी गेली ती नंतरची गोष्ट. त्याआधी रोज तिचा डबा जात होता आणि कसा झाला हे घरात एकही माणूस विचारत नव्हते. तुम्ही चिठ्ठीचा हिशेब मांडता, त्या डब्यांचाही मांडा." बँकेत मी आयुष्यभर दोन्ही बाजू जुळल्याशिवाय वही मिटली नाही, त्यामुळे या युक्तिवादाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. चित्रपटही निवाडा देत नाही. तो फक्त दाखवतो की माणूस उपाशी राहतो तेव्हा ते निदान दिसते, बोलायला कोणी नसले तर तेही दिसत नाही.

साजनच्या बाजूने पाहिले तर हीच गोष्ट अधिक बोचते. तो रात्री गच्चीत उभा राहून समोरच्या घरातील कुटुंबाचे जेवण पाहतो आणि तिथली मुलगी खिडकी लावून घेते. पुढे एकदा आरशापुढे उभे असताना त्याला स्वतःच्या न्हाणीघरात आजोबांचा वास येतो आणि तो वास आपलाच आहे हे त्याला कळते. निवृत्त माणसाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. शाखेत असताना दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला द्यायला येत, तेव्हा हा वास मी काउंटरच्या पलीकडून ओळखत असे. पाच मिनिटांचे काम असलेले गृहस्थ तासभर बसत. पासबुक छापून झाले तरी पुन्हा एकदा छापून मागत. त्यांना नोंदी पाहायच्या नसत, कोणाशी तरी दोन शब्द बोलायचे असत. हयातीच्या दाखल्यावर सही घेताना आपण माणूस जिवंत आहे एवढेच प्रमाणित करतो. तो कसा जगतो आहे, याचा रकाना त्या कागदावर नाही.

या तबकडीत दिग्दर्शकाचे भाष्यही ऐकायला मिळते. बत्रा मुळात मुंबईच्या डबेवाल्यांवर माहितीपट करणार होते. त्यांच्यासोबत फिरताना ज्या घरांतून डबे निघतात तेथील कहाण्या त्यांच्या कानांवर आल्या आणि त्यातून हे कथानक जन्मले. १८९० पासून चालत आलेली, हार्वर्डच्या अभ्यासकांनीही वाखाणलेली ही व्यवस्था पत्ता चुकत नाही, म्हणून तिच्या एका चुकीवर गोष्ट रचता आली. व्यापारात पत निर्माण झाली की एखादी चूकही लोक लक्षात ठेवतात, हे आपण जाणतोच.

परंतु ज्या एका दृश्यासाठी हा चित्रपट घरात असावा, ते दृश्य स्वतःच घरगुती चित्रफितीचे आहे. साजनच्या दिवंगत पत्नीने १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'ये जो है ज़िंदगी' या मालिकेचे भाग फितींवर जपून ठेवलेले असतात. एके रात्री तो त्या फिती काढतो आणि एकामागून एक पाहत बसतो. शफी इनामदार, स्वरूप संपत, सतीश शाह यांचे तेच विनोद. आपण हे का पाहतो आहोत, हे त्याचे त्यालाच आधी कळत नाही. मग आठवते. पत्नी ही मालिका पाहताना तो बाहेर उभा असे आणि दूरदर्शनच्या काचेत तिचे हसणारे प्रतिबिंब त्याला दिसे. ते हसणे कोणत्याही फितीवर उतरलेले नाही. फीत फक्त त्या जागी घेऊन जाते.

आमच्या पिढीला व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर चित्रपट पाहिल्याचे आठवते. पुढे मोझर बेअर कंपनीने ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा चित्रपट भाजीच्या भावाने घरात आला. आता मुले मोबाइलवर पाहतात आणि कपाटातील तबकड्या अडगळ ठरतात. मात्र प्रवाहित सेवांच्या यादीत आज असलेला चित्रपट उद्या असेलच असे नाही. आपल्या मालकीची वस्तू आणि भाड्याची वस्तू यांतील फरक येथेही लागू पडतो.

ही तबकडी मी आमच्या एका स्नेह्यांना पाहायला दिली. कापडाचे दुकान त्यांनी मुलांकडे सोपवले आहे. वहिनींना जाऊन चार वर्षे झाली. महिनाभराने त्यांनी ती परत आणली. चित्रपट कसा वाटला यावर फारसे बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "ते फितीचे दृश्य मी तीनदा पाहिले." थोड्या वेळाने विचारले, "भाऊ, व्हीएचएस कॅसेट आता कुठे लावून मिळते का हो?" धाकट्या भावाच्या १९९१ सालच्या लग्नाची कॅसेट त्यांच्या कपाटात होती. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६च्या जुलैत व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. ही यंत्रे बनवणारी ती अखेरची कंपनी होती. त्यामुळे चालू यंत्र शोधण्यातच आमचे दोन आठवडे गेले. शहरातील एका छायाचित्रकाराकडे ते मिळाले. फितीला बुरशी धरली होती. त्याने ती हलक्या हाताने साफ केली आणि तीन तासांपैकी सुमारे दोन तासांचे चित्रण वाचले.

त्यात वहिनी काही सेकंदच आहेत. पंगतीत बुंदी वाढता वाढता त्या चित्रण करणाऱ्या माणसाकडे वळून विचारतात, "तुमचे जेवण झाले का?" आणि त्याने उत्तर देण्याआधीच हसतात. स्नेह्यांनी ते नातवंडांना दाखवले. धाकट्या नातीने विचारले, "ही बारीकशी कोण?" त्यांनी सांगितले. मग त्या लग्नाच्या गोष्टी निघाल्या आणि त्या रात्री घरातील जेवण दोन तास चालले, असे त्यांच्या सुनेने आम्हाला सांगितले.

तेव्हा माझा अभिप्राय असा. चित्राला शंभरपैकी सत्तर, ध्वनीला ऐंशी, उपशीर्षकांना चाळीस गुण द्यावेत. चित्रपटाची गती संथ आहे आणि एका दुःखद आत्महत्येचा उल्लेख त्यात आहे, म्हणून लहान मुलांना बसवू नये. विवाहित मुले-सुना, मध्यमवयीन जोडपी आणि घरात एकटी पडलेली वडीलधारी मंडळी यांनी मात्र तो अवश्य पाहावा, शक्यतो एकत्र आणि मध्ये मध्ये थांबवून. तो संग्रही ठेवण्याच्या योग्यतेचा आहे.

आणि तबकडीसाठी कपाटात जागा करताना मागे पडलेल्या जुन्या कॅसेटही बाहेर काढाव्यात. लग्ने, वाढदिवस, दुकानाचे उद्घाटन, जे असेल ते. चुंबकीय फीत पावसाळ्यागणिक खराब होते आणि ती लावणारी यंत्रे व ती दुरुस्त करणारे कारागीर दोन्ही कमी होत आहेत. हे काम येत्या दिवाळीच्या साफसफाईपर्यंत लांबवू नये.