सुट्टीला गाडी ठरवताय? भाव करण्याआधी नंबर प्लेट बघा

दिवाळी आली, मे महिना आला की आपल्या खान्देशात एकच फोन फिरतो. "भाऊ, सात सीटर आहे का कोणाची? उज्जैन-ओंकारेश्वर करायचंय, येताना गडावर जायचंय." मग किलोमीटरचा भाव, टोल कोणाचा, ड्रायव्हरचं जेवण कोणाकडे, यावर अर्धा तास घासाघीस. गाडीच्या कागदांबद्दल मात्र एक प्रश्न नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "घरनीच गाडी शे ना भाऊ, काही व्हत नही."

जळगाव-धुळ्यात वीस वर्षं बातमीदारी करतोय. अपघात झाला की मयतांची नावं आम्ही छापतो. पुढे ते घर भरपाईसाठी कोर्टाच्या चकरा मारतं, त्याची बातमी होत नाही. म्हणून इथे लिहितोय.

आधी प्लेट. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्यावर काळी म्हणजे परमिटची, प्रवासी वाहतुकीची. काळ्यावर पिवळी म्हणजे तुम्ही स्वतः चालवायला भाड्याने घेता ती. इलेक्ट्रिकची पाटी हिरवी असते. त्यात अक्षरं पिवळी असतील तर ती भाड्याची, पांढरी असतील तर घरची.

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मध्ये बसत नाही. पण दंड मालकाचा, तो त्याचं बघेल. आपला प्रश्न विम्याचा आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याच्या वापराला संरक्षण नाही, ही अट छापलेलीच असते. अपघात झाला की कंपनीचा माणूस जखमींना पहिलं विचारतो, "भाडं किती दिलं?" त्याच्याआधी मालक दवाखान्यात येऊन गेलेला असतो. "आम्ही नातेवाईक आहोत, भाडं दिलं नाही, असं सांगा बरं." घरातला माणूस गेलाय आणि त्याच दिवशी खोटं बोलायचं की खरं, हे ठरवायचं. अशी माणसं मी पाहिली आहेत. भाडं रोखीतच का मागतात, तेही तेव्हा कळतं.

परमिटची गाडी महाग पडते, मान्य. टॅक्स, फिटनेस, परमिट, जास्तीचा विमा, सगळं त्या भाड्यात असतं. आपण वाचवतो ते हेच.

तपासायला पाच मिनिटं लागतात. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. विमा, फिटनेस, पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसतं. राज्याबाहेर जायचं असेल तर परमिट तिथे चालतं का, ते विचारा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. टायर किती जुना, ते तिथेच कळलं. मागच्या सीटचे बेल्ट कव्हरखाली दाबलेले असतात, ते बाहेर काढायला लावा. सायरस मिस्त्री मागच्या सीटवर बेल्टशिवाय बसले होते. सात सीटरमध्ये अकरा जण आणि टपावर सामान, अशाने बिजासन घाट उतरताना ब्रेकवर काय येतं ते ड्रायव्हरलाच विचारा.

आणि तो ड्रायव्हर झोपला कधी होता? मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा आहे, दिवसाला आठ तास काम. आपण रात्री नऊला निघतो, सकाळी दर्शन, संध्याकाळी परत. एका मुक्कामाचे पैसे वाचवायचे म्हणून! लांबचं असेल तर दुसरा ड्रायव्हर घ्या, नाहीतर मुक्काम करा.

परमुलखात गाडी ठरवताना तर दुप्पट चौकशी हवी. २३ ऑगस्ट २०२४ आपल्या जिल्ह्याने पाहिला आहे. वरणगाव-भुसावळकडचे भाविक नेपाळला गेले, त्यांची उत्तर प्रदेशातली बस मर्स्यांगदी नदीत कोसळली. २७ जण गेले, बहुतेक जळगाव जिल्ह्यातले.

परदेशात लोक गाडीला मागे फिरतं घर जोडून सुट्टीला जातात. गाडी तेवढं वजन ओढेल का, जोड पक्का आहे का, विमा दोन्हींचा आहे का, हे बघून चावी घेतात. आपल्या सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्याकडे मागे जोडली जाते ती ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि सारंगखेड्याच्या यात्रेला तीत बायापोरं बसतात. ती ट्रॉली शेतमालासाठी आहे, माणसांचा विमा तिला नाही.

पांढऱ्या पाटीवर धंदा करणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. नोकरी नाही, गाडीचा हप्ता आहे. आरटीओने सुट्टीच्या तोंडावर नुसत्या पावत्या फाडू नयेत. तालुक्याला शिबिरं लावावीत, परमिटचं काम सोपं करून द्यावं. आणि एसटीने गर्दीच्या मार्गांवर वेळेत जादा गाड्या सोडल्या, तर निम्मी घरं या भानगडीत पडणारच नाहीत.

तुमच्या गावच्या ग्रुपवर आज कोणीतरी गाडी विचारतच असेल. त्याला हे पाठवा. आणि तुमच्या तालुक्यात परमिट काढताना किती चकरा माराव्या लागल्या ते कमेंटमध्ये लिहा, त्यावर बातमी करतो.